तळखडे

गेल्या महिन्यात नाशिकच्या एका वाचकांचे पत्र आले. त्यांनी बागेत उभी करण्यासाठी एक तयार लाकडी खोली मागवली आहे. दहा बाय बारा फुटांची, पाइनच्या फळ्यांची. ट्रकमधून येणार आणि चार माणसे दोन दिवसांत उभी करून देणार. विकणाऱ्याने बजावले आहे, 'जमीन तेवढी सपाट करून ठेवा, बाकी आमच्याकडे लागलं!' पत्राच्या शेवटी हे गृहस्थ विचारतात, 'सपाट म्हणजे नक्की काय करू?'

वाचकहो, या सदरात गळक्या नळापासून कुरकुरणाऱ्या खाटेपर्यंत नाना विषयांवर मी शहाणपण पाजळले आहे. पण या पत्राला उत्तर लिहायला बसलो आणि लेखणी अडली. जमीन सपाट केली की झाले, असे मीही एकदा म्हटले होते. तेव्हा उपदेशाआधी थोडी आत्मकथा ऐकून घ्या.

आमचे मूळ घर दापोली तालुक्यातले, समुद्रापासून कोसभर आत. आजोबांनी बांधलेले ते घर 2013 साली उतरवावे लागले. मागची भिंत खचली होती. दादा मुंबईला, मी पुण्याला. तिथे कायम राहील असे कोणी उरले नव्हते. लाकूड विकून टाकावे, असे दादाचे मत. मी हट्ट धरला की वाडीतच त्या लाकडाची एक लहानशी खोली उभारू, निदान मे महिन्यात आणि दिवाळीत येऊन राहता येईल. दादा म्हणाला, "लाकूड तू घे. पण माजघराची चौकट सांभाळ."

त्या चौकटीच्या एका कडेवर वडील दर पाडव्याला आमची उंची मोजून चाकूने खूण करीत. दादाच्या खुणा होत्या, माझ्या होत्या, आणि सगळ्यांच्या खाली, गुडघ्याच्या जरा वर, दोन खुणा बेबीच्या. बेबी आमची धाकटी बहीण. चार वर्षांची असताना तापाने गेली. त्या काळी आमच्या घरी कॅमेरा नव्हता. तिची म्हणून म्हणता येईल अशी घरात दुसरी वस्तू नव्हती.

2014 च्या एप्रिलात मी कामाला लागलो. विहिरीजवळची जागा सपाट केली, तांबडी माती चोपून घेतली, वर जांभ्याचे चिरे अंथरले. खांब हलता कामा नयेत म्हणून दोन-दोन फूट खड्डे घेऊन त्यांत ते पुरले आणि भोवती सिमेंट ओतले. माजघराची चौकट दाराला लावली; तिचा उंबरा थेट चिऱ्यांवर टेकला. बाहेरून तेलरंगाचे दोन जाड हात दिले. सौभाग्यवतींनी भिंतीला लागून अबोलीचा वाफा केला. खोली अशी देखणी दिसू लागली की येणारा-जाणारा थांबून पाही, आणि मी, काय सांगू, मुद्दाम दारात उभा राहत असे!

2017 च्या दिवाळीत दार उघडताना हात चौकटीवर टेकला, आणि अंगठा लाकडात शिरला. रंगाचा पापुद्रा शाबूत होता. आत मात्र नुसती माती होती. जमिनीपासून कमरेपर्यंत वाळवीने ती कड पोखरून काढली होती. बेबीच्या दोन्ही खुणा त्यात गेल्या.

गावातले वृद्ध मेस्त्री आले. पटाशीच्या मुठीने त्यांनी एकेक खांब वाजवून पाहिला. वरती खणखणीत आवाज येई. खाली आले की भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा. मग कंबरेवर हात ठेवून त्यांनी विचारले, "मास्तर, तळखडे कुठं गेले?"

"कसले तळखडे?"

"अहो, खांबाखालचे काळे दगड. आजोबांच्या घराला होते ते."

घर उतरवताना ते दगड मी गड्यांना देऊन टाकले होते. लाकूड मोलाचे, दगड काय कुठेही मिळतो! एक विहिरीवर धुणे आपटायला गेला होता, दोन गोठ्याच्या पायरीला, बाकीचे शेजारच्या गडग्यात.

मेस्त्रींनी मला जे समजावले ते अगदी साधे आहे. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. त्या पावसात शेकडो लाकडी घरे शंभर-शंभर वर्षे उभी राहिली आहेत. लाकूड भिजले आणि वाळले तर त्याचे फारसे बिघडत नाही. भिजले आणि तसेच राहिले तर मात्र सडते. शास्त्रही हेच सांगते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीला तिथे जगता येत नाही. जमिनीतल्या वाळवीलाही ओल लागते, आणि ती वर चढते ती मातीतूनच. मी खांब मातीत पुरून तिला जिना करून दिला होता. भोवती ओतलेल्या सिमेंटने वाडगे तयार झाले, त्यात पाणी साठून राही. जांभा दगड सच्छिद्र, तो खालची ओल वर ओढतो. जाड रंगाने आतला ओलावा आतच कोंडला. आणि अबोलीचा वाफा! त्याला रोज संध्याकाळी झारीने पाणी घालणारा मीच.

"पण मेस्त्री, चौकट तर सागाची होती," मी म्हणालो.

"सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. ही कड पांढऱ्या लाकडाची. ते ती आवडीनं खाते."

तेव्हा ध्यानात आले की वडिलांनी खुणांसाठी नेमकी तीच कड का निवडली असेल. तिथे चाकू सहज चालत होता.

दादाला फोन करून सांगायला मला चार दिवस लागले. तो रागावला असता तर बरे झाले असते. "बरं," एवढेच म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात खोली उतरवून नव्याने उभारली. आता नाशिककरांनी वही घेऊन बसावे.

आधी आखणी. खोली दहा बाय बारा, म्हणून दोन्ही कर्ण 15 फूट साडेसात इंचांच्या जवळपास आले पाहिजेत आणि मुख्य म्हणजे एकमेकांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. ते जुळले की कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. तीन ओळींत तीन-तीन असे नऊ खड्डे घेतले. किती खोल, असे विचाराल तर कुदळ कठीण मुरमाला लागेपर्यंत. आमच्याकडे दोन फुटांवर तो लागला. तळाला अर्धा फूट काँक्रीट, त्यावर सिमेंटात बांधलेले जांभ्याचे खुंट, जमिनीपासून दीड फूट वर. नऊही खुंटांची डोकी पाणनळीने एका पातळीत आणली. 'सपाट' लागते ते इथे! जमीन उंचसखल असली तरी चालते. खुंटांच्या माथ्यांत एका सुताचाही फरक नको.

खुंटांवर तळखडे. गावभर फिरून मी सहा परत मिळवले. धुण्याचा दगड मागायला गेलो तेव्हा त्या घरच्या आजींनी मला जे ऐकवले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. त्यांना पाथरवटाकडून नवा दगड करून दिला, तेव्हा जुना हाती आला. उरलेले तीन नवे घडवले. दगड आणि तुळई यांच्यामध्ये जस्ताच्या पत्र्याची एक टोपी बसवली, चारी बाजूंनी दोन इंच बाहेर आलेली आणि कड खाली वाकवलेली. वाळवी त्यामुळे मरत नाही. पण वर जायचे तर तिला पत्र्याला वळसा घालून उघड्यावर मातीची नळी बांधावी लागते, आणि ती नळी आपल्याला दिसते. दीड फूट उंचीचे कारणही तेच. खाली वारा खेळतो, आणि माणसाला पोटावर झोपून बॅटरीने पाहता येते.

खांबांचे सडलेले बूड कापून टाकले, त्यामुळे खोली पहिल्यापेक्षा बुटकी झाली. चौकटीला खालून नव्या सागाचा जोड दिला. उंच माणसाला आता वाकून आत यावे लागते.

मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट करायला लावली, ती मला त्या वेळी फाजील खर्चाची वाटली होती. प्रत्येक खुंटाच्या काँक्रीटमधून एक जस्त चढवलेली लोखंडी पट्टी वर आणून तुळईला बोल्टाने आवळली. मी म्हणालो, "एवढ्या जड खोलीला कोण उचलून नेणार आहे?" त्याचे उत्तर 3 जून 2020 रोजी मिळाले. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 120 किलोमीटर. दापोलीकडच्या माडा-पोफळींच्या बागा त्याने झोपवल्या. टाळेबंदीमुळे आम्ही पुण्यातच अडकलेलो. आठवड्याने मेस्त्रींच्या मुलाचा फोन लागला. आमच्या खोलीची निम्मी कौले उडाली होती आणि एक माड अंगणात आडवा झाला होता. पण खोली तळखड्यांवरून बोटभरही सरकली नव्हती. पट्ट्या नसत्या तर नुसत्या दगडांवर ठेवलेली ती पेटी कुठे जाऊन पडली असती कोण जाणे.

आता निगराणीविषयी. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, मी पूर्ण एक दिवस खोलीला देतो. आधी खाली सरपटून खुंट पाहायचे. नळी दिसली तर मोडायची, आणि नुसते मोडून समाधान न मानता ती कुठून आली ते शोधायचे. मग भिंतीला लागलेला पाचोळा, माती, रचून ठेवलेली लाकडे दूर करायची. भिंतीपासून दोन फूट काही नको, अबोलीसुद्धा नको. (यावरून घरात जे झाले ते झाले, वाफा आता विहिरीपलीकडे आहे.) पन्हळ साफ करायची. वळचण दोन फूट बाहेर काढलेली आहे, तरी पश्चिमेकडून झड मारतेच. म्हणून जूनपूर्वी त्या बाजूला माडाच्या झापांची आडोशी बांधायची. ही आजोबांचीच रीत. हिरवे प्लास्टिक बांधू नये, त्याच्याआड भिंत घुसमटते.

तेलाविषयी माझे मत थोडे बदलले आहे. पहिल्या वर्षी नुसते जवसाचे तेल लावले आणि श्रावणात भिंती काळ्या पडल्या. दमट हवेत बुरशीला तेच तेल खाऊ होते. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात, ते मी बाहेरून लावू लागलो. रंग काळपट होतो, पण लाकूड टिकते. हातमोजे मात्र हवेतच. काजूच्या चिकाने अंगावर काय उठते ते कोकणातल्या पोराला सांगावे लागत नाही, नाशिककरांना सांगतो: फोड येतात. जवसाचे तेल वापरणारच असाल तर एक जपा. पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा. आणि कोणतेही तेल असो, फळीच्या कापलेल्या टोकाला ते दुप्पट पाजा. लाकूड अंगाने पितो त्याहून कितीतरी जास्त पाणी ते टोकाने पिते.

नाशिककरांना खास त्यांच्यापुरते दोन शब्द. तुमची जमीन काळी असेल, तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर फरसबंदी करून खोली ठेवलीत तर दोन वर्षांत दार लागेनासे होईल. काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत गेल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे, पाइनचे लाकूड मऊ. त्यात दाबाखाली औषध भरले आहे की वरवर नुसता रंग फासला आहे, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. तो 'सगळं केलेलं असतं साहेब' म्हणेल. तरी लेखी घ्या.

खोली पुन्हा उभी राहिल्यावर दादा दोन वर्षे तिकडे फिरकला नाही. 2021 च्या दिवाळीत आला. दारापाशी थांबला, नव्या सागाच्या जोडावरून हात फिरवला. मग मांडीशी तळवा आडवा धरून म्हणाला, "एवढी होती." मी म्हणालो, "जरा खाली." त्याने तळवा बोटभर खाली घेतला. चाकू खिशात होता, पण खूण करावी असे दोघांनाही वाटले नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात तो येतो. वय पंचाहत्तरीकडे झुकले आहे, वहिनी ओरडत असतात, तरी बॅटरी घेऊन पोटावर झोपून खोलीखाली शिरतो तो तोच. मला शिरू देत नाही. या वर्षी आतून त्याचा आवाज आला, "अरे, मधल्या ओळीतल्या तिसऱ्या खुंटाशी माती चढलीय. घुशीनं काढली असेल. फावडं दे इकडं."

मी फावडे आणायला गेलो.