आदिवासींची जमीन आणि आपण

किनवटकडच्या बैठकीत एक प्रश्न हळू आवाजात निघतो. "पैसे मोजून घेतलेली जमीन आम्ही आदिवासीला परत का द्यायची?" विचारणारे आपलेच बिल्लेवाले भाऊ असतात. म्हणून उत्तर आम्हीच देतो.

आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन, मूळ मालक स्वतः कसणार असेल, तर त्याला परत मिळते. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. जमीन फुकट जात नाही. तुम्ही विहीर खोदली, बांध घातले, त्याचा मोबदला मागता येतो. तो मागण्यात लाज नाही.

गोंड, कोलाम, आंधांची जमीन कशी गेली हे कापूसवाल्याला शिकवायला नको. दुष्काळ, उसनवारी, सावकाराच्या वहीवर अंगठा. आपल्या आज्याचे रान असेच गेले तेव्हा ती लूट होती. मग आदिवासीचा अंगठा तेवढा व्यवहार कसा?

पण हा कायदाही अर्धाच. त्याला सातबारा कळतो, देव कळत नाही. गोंडाचा देव डोंगरात, झाडाखाली. आणि डोंगर वनखात्याच्या नावावर. (आपल्या म्हसोबाचा दगड कोणी कुंपणात घेतला तर गाव पेटेल.) ही चूक मान्य करायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइटवर कंपनीचा डोळा होता. २०१३ साली न्यायालयाने डोंगरिया कोंधांच्या देवाचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या.

तिकडे ऑस्ट्रेलियातही हाच झगडा. १९६६ साली गुरिंदजी गुराख्यांनी काम सोडले. १९७५ साली पंतप्रधान व्हिटलम यांनी व्हिन्सेंट लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतली. पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि १९८५ साली उलुरूचा पवित्र खडक मूळ लोकांना परत मिळाला.

आमची जमीन घेण्याआधी आम्हाला विचारा, असे आपण सरकारला म्हणतो. तेच आदिवासी म्हणतो. किनवट-माहूरच्या ज्या भावांकडे अशी जमीन आहे त्यांनी पुढच्या बैठकीला जुने फेरफार घेऊन यावे. समोर आदिवासी भाऊही बसलेले असतील.