आधी सवय, मग ट्रेनर

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर अशा सगळ्या शहरांतल्या सायकलस्वारांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: घरी ट्रेनर घ्यावा का? ट्रेनर म्हणजे व्यायामशाळेतली स्थिर सायकल नव्हे. आपली नेहमीचीच सायकल ज्यावर बसवून जागच्या जागी पॅडल मारता येते, ते हे उपकरण. साध्या प्रकारात मागचे चाक एका चौकटीत घट्ट धरले जाते आणि टायरला टेकलेला रोलर चुंबकाच्या किंवा तेलाच्या साहाय्याने विरोध निर्माण करतो. महागड्या, ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ प्रकारात मागचे चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर चढवतात. प्रश्न पडला की चर्चा लगेच कंपनी, मॉडेल, सवलत आणि मासिक हप्ता यांकडे वळते. या सगळ्याच्या आधीचा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो: ज्याच्यासाठी हे यंत्र घ्यायचे, तो माणूस आज नियमित सायकल चालवतो का? माझे मत असे की खरेदीचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे याच उत्तरावर ठरवावा. ट्रेनर असलेली सवय टिकवतो, नसलेली लावत नाही.

माणूस स्वतःच्या उद्याच्या उत्साहाचा अंदाज फार चुकीचा करतो, याला चांगला पुरावा आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी साडेचार वेळासुद्धा क्लबात जात नव्हते. म्हणजे प्रत्येक भेट त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होती, आणि त्याच क्लबात दहा भेटींचा पास घेतला असता तर एक भेट दहा डॉलरमध्ये झाली असती. ही माणसे आळशी होती किंवा त्यांना हिशेब कळत नव्हता, असे नाही. पैसे भरताना त्यांच्या डोळ्यांसमोर आजचे आपण नव्हते, पुढच्या महिन्यातले, शिस्तीचे आपण होते. घरातल्या उपकरणाच्या बाबतीत तर सगळी किंमत पहिल्याच दिवशी भरलेली असते. करोनाकाळात घरच्या व्यायाम-सायकलींना जगभर प्रचंड मागणी आली. पेलोटॉन ही अमेरिकी कंपनी त्या लाटेवर वर गेली आणि लाट ओसरताच फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला सुमारे २,८०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा करावी लागली. दारे बंद होती तोवर अनेकांना यंत्र हवे होते, दारे उघडताच तेवढी निकड राहिली नाही.

ज्याची सवय आधीच पक्की आहे आणि बाहेरच्या कारणाने तुटते आहे, त्याच्या हातात मात्र हेच यंत्र कमालीचे उपयोगी ठरते. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमनचे उदाहरण सायकलिंगच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बेल्जियममधल्या शर्यतीत पडून त्याच्या हाताचे हाड मोडले. रस्त्यावर जाणे शक्य नव्हते, म्हणून तो घरच्या गॅरेजमध्ये ट्रेनरवर सराव करत राहिला. १० एप्रिलला त्याने पॅरिस-रुबे जिंकली, अडीचशेहून अधिक किलोमीटरची, दगडी फरसबंदीच्या पट्ट्यांसाठी ओळखली जाणारी शर्यत, तीही टॉम बोनेनसारख्या चार वेळच्या विजेत्याला मागे टाकून. हेमनच्या मागे कितीतरी वर्षांचा रस्ता होता. ट्रेनरने त्यातले पाच आठवडे वाया जाऊ दिले नाहीत, इतकेच. आपल्याकडे तो खंड पाऊस पाडतो. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी; दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत आणि सहाशेची चाळीस तासांत पूर्ण करायची असते, आणि पुण्याहून गोव्याला जाणारी डेक्कन क्लिफहँगर ही लांब पल्ल्याची शर्यत पावसाळा सरल्यावर येते. त्यांची तयारी नेमकी जुलै ते सप्टेंबरमध्ये व्हायला हवी, आणि तेव्हाच रस्त्यांवर खड्डे, पाण्याखाली दडलेली गटारे आणि निसरडे पांढरे पट्टे असतात. ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पॅडल थांबवून चाक आपसूक फिरू देण्याची सोय नाही. त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत जेवढे काम होते, तेवढ्यासाठी शहरातल्या रस्त्यावर बरेचदा सव्वा-दीड तास लागतो. नोकरी करून घाटाची तयारी करणाऱ्याला ही वेळेची बचत मोठी आहे.

पण हे काम होण्यासाठी काय काय लागते, ते दुकानात कोणी नीट सांगत नाही. पॅडलवर दीडशे वॅट ताकद लावणाऱ्या माणसाचे शरीर प्रत्यक्षात सहाशे वॅटच्या आसपास ऊर्जा खर्च करत असते, कारण स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच कामाला लावू शकतात. उरलेले चार-साडेचारशे वॅट म्हणजे निव्वळ उष्णता. रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरचा वारा ती उष्णता वाहून नेतो. बंद खोलीत तो वारा नसतो, आणि मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत घाम वाळतही नाही. दहा मिनिटांत नाडी चढते, पाय दुखण्याआधी डोके गरम होते आणि माणूस उतरतो. तो स्वतःला दोष देतो, वास्तविक दोष हवेचा असतो. छताचा पंखा इथे पुरत नाही. छातीवर सरळ मारा करणारा दमदार स्टँडचा पंखा लागतो. शिवाय खारा घाम हँडलवर, तिथून खालच्या स्क्रूंवर आणि बेअरिंगवर टपकत राहतो. रोज पुसले नाही तर एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो, आणि तो हँडलच्या टेपखाली असल्यामुळे लवकर दिसतही नाही. खाली जाड रबरी मॅट नसेल तर रोलरची घरघर आणि कंप लादीतून खालच्या मजल्यावर जातो. पहाटे पाचला सराव करणाऱ्याने सोसायटीतल्या शेजाऱ्यांचा विचार करायलाच हवा.

सायकल बसते की नाही हाही भाग आहे. क्विक रिलीज असलेल्या चाकाला बहुतेक साधे ट्रेनर चालतात, पण नटाने आवळलेल्या ऍक्सलच्या साध्या सायकलींना वेगळे नट लागतात आणि थ्रू ऍक्सलला वेगळा अडॅप्टर. खाचांचा जाड एमटीबी टायर रोलरवर प्रचंड आवाज करतो आणि भराभर झिजतो. कार्बन फ्रेम असेल तर चौकटीत आवळण्याआधी सायकलच्या कंपनीची सूचना वाचावी.

‘आधी सवय, मग ट्रेनर’ या मतावर पहिला आक्षेप स्मार्ट ट्रेनर घेऊ इच्छिणाऱ्यांचा असतो. साध्या ट्रेनरवर भिंतीकडे बघत कंटाळा येतो, स्मार्ट ट्रेनर स्क्रीनवरच्या चढाप्रमाणे विरोध आपोआप वाढवतो, जगभरच्या लोकांबरोबर शर्यत लावता येते, म्हणून मन रमते आणि सवय लागते, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. झ्विफ्टसारख्या ॲपने या खेळाचे रूपच बदलले. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने त्यावर जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही घेतली. पण हिशेब पाहा. साधा चुंबकीय ट्रेनर दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतो, चांगला डायरेक्ट ड्राइव्ह पन्नास हजारांच्या पुढे सुरू होतो, त्यावर कॅसेटचा खर्च, आणि झ्विफ्टची महिन्याची वर्गणी सुमारे वीस डॉलर, म्हणजे बारा महिने धरले तर वीस हजार रुपयांच्या वर. रंजनामुळे कंटाळा लांबतो हे मान्य. तो कायमचा जातो असे मानायला आधार नाही. शर्यतीसाठी वॅट मोजून सराव करणाऱ्याला हा खर्च सार्थ आहे. बाकीच्यांनी साध्या ट्रेनरवर एक पावसाळा काढून मग वरची पायरी चढावी. साधा ट्रेनर पुढे विकावा लागला तरी तोटा थोडक्यात निभावतो.

दुसरा आक्षेप, ज्यांना रस्त्यावर जाणेच शक्य नाही त्यांचा, अधिक गंभीर आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. अशा रस्त्यांवर अंधारात सायकल काढायला कोणी घाबरत असेल तर ती भीती रास्त आहे. स्त्रियांसाठी त्यात एकटीने पहाटे बाहेर पडण्याची काळजी मिसळते. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतील तर तासभर बाहेर राहणेच अशक्य होते. त्यांना ‘आधी रस्त्यावर सवय लावा’ असे सांगणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासाठी अट एवढीच की सवय कुठल्याही रूपात सिद्ध झालेली असावी: जिन्याचे चढउतार, घरातला योग, दोरीवरच्या उड्या, काहीही, पण ठरलेल्या वेळी आणि टिकून. मात्र ट्रेनर घेतला म्हणून सुरक्षित रस्त्याची मागणी सोडता कामा नये. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यातले सलग, अडथळ्यांविना मार्ग प्रत्यक्षात मिळावेत म्हणून बोलणारे लोकच घरात बसले, तर ते मार्ग कधीच होणार नाहीत.

ज्यांच्याकडे सायकलच नाही आणि फक्त तब्येतीसाठी काहीतरी हवे आहे, त्यांनी ट्रेनरच्या फंदात पडू नये. घरातल्या तिघाचौघांना सीट खालीवर करून वापरता येईल अशी व्यायामाची सायकल त्यांना जास्त सोयीची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि तो भरभर चालूनही पुरा होतो. साठीच्या पुढच्यांनी एक लक्षात ठेवावे: सायकलवर शरीराचा भार हाडांवर फारसा येत नाही, म्हणून गुडघ्यांना ती सोसते, पण हाडे बळकट ठेवायला चालणे आणि थोडी वजने लागतातच.

तेव्हा पैसे भरण्याआधी एक महिना द्या. ओळखीतल्या कोणाचा ट्रेनर उसना मिळाला तर उत्तम, नाहीतर जवळच्या व्यायामशाळेत महिन्याची फी भरून तिथल्या स्पिन सायकलवर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे बसा, गाणी लावा पण गप्पा मारू नका. महिना अखंड पार पडला तर आपल्या सायकलचा ऍक्सल तपासून त्याला बसणारा साधा ट्रेनर घ्या, आणि त्याच दिवशी स्टँडचा पंखा आणि रबरी मॅटही आणा. महिना पार पडला नाही, तर ट्रेनर घेऊ नका.