रेघांचें शुद्धलेखन

खामगांवच्या कापूसबाजाराचा लौकिक जुना आहे. जलंबहून खामगांवला जाणारा रेल्वेचा फांटा १८७० सालीं सुरू झाला, तो मुख्यतः या कापसासाठींच. पुढें १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंगच्या कायद्यानें गांठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणें आवश्यक ठरलें. तो अंक माणूस वाची व पुसट असल्यास तारतम्यानें ओळखून घेई. आज मालाच्या खोक्यावर काळ्या रेघांची चिठ्ठी, म्हणजे बारकोड, असतो. तो यंत्र वाचतें, आणि यंत्राजवळ तारतम्य नाहीं. आपल्या घरांतील मुलगे व सुना ज्या कचेऱ्यांतून काम करतात, तेथें या चिठ्ठ्या नित्य छापल्या जातात. म्हणून त्यांविषयीं चार शब्द.

या लिपीच्या पेटंटसाठीं वुडलंड व सिल्व्हर या दोघा अमेरिकनांनीं १९४९ सालीं अर्ज केला. आपल्याकडील दुकानी वस्तूंवर बहुधा ८९० नें आरंभ होणारा तेरा अंकांचा बारकोड असतो. त्यांतील शेवटचा अंक म्हणजे आमच्या जुन्या अंकगणितांतील ताळाच होय. पहिल्या बारा अंकांपैकीं दुसरा, चौथा असे समस्थानचे अंक तिप्पट करून सर्वांची बेरीज घ्यावी. ती दहाच्या पटींत जाण्यास जितकें कमी पडेल तो तेरावा अंक. कोणताही एक अंक चुकला तर हा ताळा चूक पकडतोच.

आतां छपाईकडे वळूं. आय.बी.एम. कंपनीनें १९८८ सालीं ए.एस./४०० हा मध्यम आकाराचा व्यापारी संगणक काढला; त्याचे वंशज अद्याप कारखान्यांत व पेढ्यांत राबत आहेत. हा संगणक प्रिंटरकडे मुळांत साध्या अक्षरांच्या ओळी पाठवितो. अंक गेला तर अंकच उमटणार. त्याच्या रेघा कोणीं करावयाच्या हें आधीं ठरवावें लागतें. मार्ग तीन आहेत. स्वतः रेघा आंखणारा आय.पी.डी.एस. जातीचा प्रिंटर घ्यावा व अंक कोणत्या पद्धतीनें आंखावयाचा तें संगणकांत नोंदवावें. किंवा संगणकानेंच रेघांचें चित्र करून साध्या प्रिंटरकडे धाडावें. किंवा प्रिंटरमध्यें रेघांचा टंक बसवावा. कोड ३९ या पद्धतीचा टंक असल्यास अंकांच्या दोहों बाजूंस तारकाचिन्ह हवेंच. त्यावांचून यंत्राला आरंभ व शेवट कळत नाहीं.

आमचा एक माजी विद्यार्थी एका गोदामांत कारकून आहे. तेथें नवा प्रिंटर आला, परंतु दूरच्या मुख्य कचेरींतील संगणकांत मोठें पान लहान कागदावर आखडून बसविण्याची जुनी सूचना तशीच राहिली. रेघा डोळ्यांना सुरेख दिसत. स्कॅनर मात्र त्या घेईना. बिचारा दोन दिवस हातानें अंक भरीत राहिला. कोड ३९ मध्यें ताळ्याचा अंक सक्तीचा नसतो, व या चिठ्ठ्यांवर तो नव्हताच. एक अंक चुकला, माल भलत्याच गांवीं गेला, आणि नुकसान त्याच्या पगारांतून कापण्याची गोष्ट निघाली. त्यानें छापलेली चिठ्ठी व मूळ नमुना शेजारीं ठेवून पट्टीनें मोजून दाखविले, तेव्हां कोठें कपात टळली.

तात्पर्य, बारकोड पाहून पसंत करूं नये, वाचवून पसंत करावा; आणि जेथें तो वाचला जाणार तेथेंच. रेघांच्या दोहों बाजूंस कोरी जागा असावी. शाई काळी असावी. लाल उजेडाच्या स्कॅनरला कुंकवासारख्या लाल रेघा दिसतच नाहींत. प्रिंटर बदलला कीं ही परीक्षा पुन्हां घ्यावी. ती घेण्याचा भार प्रिंटर जोडणारावर आहे, शेवटच्या कारकुनावर नव्हे. कित्ताच चुकीचा घालून दिल्यावर मुलाच्या अक्षराला बोल लावणें आम्हां शिक्षकांना कधींच शोभलें नाहीं. तें कचेऱ्यांनाही शोभत नाहीं.