लंडनचा हिवाळा आणि चौविहार

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनचा सूर्य दुपारी 3 वाजून 51 मिनिटांनी मावळतो आणि उगवतो तो आठच्या सुमारास. त्यात नवकारसीची 48 मिनिटे मिळविली, तर चौविहार पाळणाऱ्याच्या हाती अन्नपाण्यासाठी जेमतेम सात तास उरतात. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका आहार सोडणाऱ्यास सव्वासहाच. व्यापारी भेटीगाठीही नेमक्या याच तासांत ठरतात. म्हणून सांगलीचा हळदीचा व्यापारी असो की मुंबईचा हिऱ्यांचा, हिवाळ्यात एकट्याने लंडनला निघणाऱ्याने तिकिटाच्या आधी तेथील सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक हाती घ्यावे. तारीख आपल्या हाती असेल, तर फेब्रुवारीअखेरीची निवडावी. तेव्हा सूर्यास्त साडेपाचपर्यंत लांबलेला असतो.

घरी असताना सायंकाळ झाली की कोणीतरी जेवायला हाक मारते. तेथे ती हाक नाही. शिवाय आकाश दिवसदिवस ढगाळ असते, दुकानांतले दिवे दुपारीच लागलेले असतात आणि सूर्य केव्हा मावळला हे नजरेला कळतही नाही. भ्रमणध्वनीवर दुपारी अडीचचा गजर लावून ठेवावा. चार वाजता ‘आता काही खाऊन घेऊ’ असे म्हणणाऱ्याचा नियम मोडलेला असतो आणि ते त्याच्या लक्षातही आलेले नसते.

यजमान व्यापारी बहुधा सायंकाळी सात वाजता भोजनाचे निमंत्रण देतो. ऐन वेळी ताट नाकारण्यापेक्षा आठवडाभर आधी पत्राने कळवावे आणि भेट दुपारी साडेबाराच्या भोजनाला मागून घ्यावी. इंग्रज माणसाला आधी कळविलेल्या नियमाचे काही वाटत नाही; अवघडतो तो मेजावर बसल्यावर. पत्रात ‘शाकाहारी’ एवढा शब्द पुरेसा नाही, कारण तेथील शाकाहारात अंडे येते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांची नावे स्वतंत्र लिहावीत. ‘व्हीगन’ म्हटल्याने दूधही जाते, पण कंदमूळ तसेच राहते. कांदा-लसूणविरहित मिळणाऱ्या ताटातही बटाटा असू शकतो. दुकानातील बंद पाकिटावरील घटकांची यादी मात्र चष्मा लावून वाचावी. 2021 पासून दुकानातच बनवून आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही ती पूर्ण छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

घरून काय न्यावे? तेलातले खाकरे, भाजलेले चणे, सुका मेवा. पेढे, पनीर, तूप असले दुधाचे पदार्थ भारतातून तेथे नेण्यास मनाई आहे. आईने कितीही आग्रह केला तरी ते मागेच ठेवावेत. वजनाचा हव्यास नको. वेंब्लीतील ईलिंग रोडवर गुजराती किराणा आणि शाकाहारी भोजन सहज मिळते. उतरण्यासाठीही हाच भाग सोयीचा. जवळचे अल्पर्टन स्थानक पिकॅडिली मार्गावर आहे; हीथ्रो विमानतळावरून त्याच मार्गाने निघून ॲक्टन टाउन येथे गाडी बदलावी लागते. दर्शनासाठी केंटन येथे जिनालय आहे, तर शहराबाहेर पॉटर्स बारजवळ ओशवाल समाजाचे मोठे केंद्र आहे. पाण्याचे म्हणाल, तर तेथील बहुतेक हॉटेलांच्या खोलीत विजेची किटली असते, त्यामुळे उकळलेल्या पाण्याची चिंता नाही.

कपड्यांची बाब किरकोळ वाटते, पण ती तशी नाही. बाजारातील उबदार जाकिटे पुष्कळदा पक्ष्यांच्या पिसांनी भरलेली असतात. कृत्रिम तंतूंचे भरण असलेले मागावे. चामड्याऐवजी पाणी आत न शिरणारे कृत्रिम जोडे उत्तम. थंडी शून्याखाली क्वचितच जाते, पण ओल आणि वारा हाडांपर्यंत पोहोचतात. थेम्सच्या पुलावर छत्री हमखास उलटते, म्हणून टोपी असलेला रेनकोट घ्यावा. इमारती आणि गाड्या उबदार असल्याने एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे.

बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवावे लागते. रस्त्याच्या कडेला उभे राहून भ्रमणध्वनीत नकाशा पाहू नये. दुचाकीवरून येऊन तो हिसकावणारे तेथे बरेच आहेत. भिंतीकडे वळून किंवा दुकानात शिरून पाहावा. संकटात 999 हा क्रमांक.

सूर्यास्तानंतरच्या लांब संध्याकाळीचे काय करावे, हा एकट्या माणसाचा खरा प्रश्न. प्रतिक्रमणाला भरपूर वेळ मिळतो, हे एक. साऊथ केन्सिंग्टनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय विनामूल्य आहे आणि शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडे असते; त्याच्या संग्रहात जिनमूर्ती आणि चित्रित जैन हस्तलिखितांची पाने आहेत. तेही पिकॅडिली मार्गावरच. घरी बोलायचे तर सूर्यास्त होताच बोलावे, कारण त्या वेळी भारतात रात्रीचे सव्वानऊ-साडेनऊ वाजलेले असतात. आणखी दोन तासांनी घर निजलेले असते.

25 डिसेंबर मात्र वेगळा. त्या दिवशी भुयारी रेल्वे, शहरातील बस, मोठी दुकाने सारे बंद असते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत दोन दिवसांची फळे, दूध आणि पाव खोलीत आणून ठेवावा, आणि 25 तारखेचे विमान असेल तर मोटार आधीच ठरवून ठेवावी.