घरच्या दप्तरांतील मोडी

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर अथवा एखाद्या जुन्या पेटींत मळकट फडक्यांत बांधलेला कागदांचा रुमाल असेल. दिवाळीच्या साफसफाईंत तो खालीं येतो, त्यावरची धूळ झटकली जाते, "पणजोबांच्या वेळचें आहे, राहूं द्या" असें कोणीतरी म्हणतें, आणि तो पुन्हां वर जातो. उघडून कोणी पाहत नाहीं, कारण आंतील अक्षर कोणास लागत नाहीं. पुढें कधीं घर पडतें किंवा विकलें जातें, आणि तो रुमाल रद्दींत जातो.

तें अक्षर बहुधा मोडी असतें. हेमाद्रिपंतानें ही लिपि प्रचारांत आणिली असें परंपरा सांगते. तें कसेंही असो, शिवकालापासून पेशवाईअखेरपर्यंत, आणि पुढें इंग्रजी अमलांतही, मराठी मुलखाचा बहुतेक लेखी व्यवहार हिच्यांतच चालला. इ. स. १८१० मध्यें विल्यम केरी यांनीं श्रीरामपूर येथें मराठी भाषेचा कोश छापिला, तेव्हां त्यांतील मराठी शब्दांसाठीं मोडीचेच ठसे वापरिले होते. पुढें छापखाना बालबोधाच्या बाजूस गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत, मग तीही बंद झाली. आज जे साठसत्तर वर्षांचे आहेत, त्यांच्याही बहुतेकांच्या वांट्यास ती आली नाहीं.

बोरू कागदावरून वारंवार उचलावा लागूं नये, हा या लिपीचा मुख्य हेतु. लिहिणारा प्रथम पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढी, व मग तिच्या खालीं अक्षरें लोंबवीत जाई. शब्द कोठें संपला, वाक्य कोठें संपलें, याची खूण नाहीं. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. 'सुत' म्हणजे मुलगा कीं 'सूत' म्हणजे धागा, हें मागचें पुढचें पाहूनच ठरवावयाचें. 'शिवरामजीवाजी' एवढीं अक्षरें सलग आलीं, तर तो शिवराम जीवाजी. परंतु घाईनें 'शिवरामजी' येथें तोडिलें कीं, 'वाजी' नांवाचा एक नसलेला पूर्वज वंशावळींत येऊन बसतो! चिटणिसी, महादेवपंती, रानडी अशीं वळणें निरनिराळीं. त्यांतही प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा, आणि इंग्रजी अमदानींत टाक आल्यावर तर अक्षर अधिकच बारीक व घाईचें झालें.

त्यांत भर तारखांची. 'छ' हें एकटें अक्षर दिसलें तर तें चंद्राचें, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तिथीचें चिन्ह समजावें. साल बहुधा आरबी संख्यावाचक शब्दांत असतें. 'इसन्ने अशरीन मयातैन व अलफ' हें वाचून नवशिका घाबरतो. पण तें दोन, वीस, दोनशें आणि हजार, म्हणजे सुहूर सन १२२२ एवढेंच आहे. त्यांत ५९९ मिळविले कीं इ. स. १८२१ येतें. हें साल मृग नक्षत्राच्या सुमारास बदलत असल्यामुळें, वर्षाच्या उत्तरार्धांतील कागदास ६०० मिळवावे लागतात. एकदां किल्ली हातीं आली कीं, यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं.

तेव्हां माझें मत असें कीं, लिपि ही या कामांतील खरी अडचण नव्हेच. रोज नेमानें अर्धा तास बसणाऱ्यास दोनतीन महिन्यांत अक्षरें ओळखूं येऊं लागतात, असा माझा अनुभव आहे. खरी अडचण वाचणाराच्या मनांत असते. त्याला कांहीं तरी वाचावयाचें असतें, आणि कागद जेथें गप्प बसतो तेथें तो स्वतःच बोलूं लागतो. 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकिली आहे. ती आख्यायिका आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकूं नये. परंतु तो 'मा' घरोघरीं, कोणाचाही वाईट हेतु नसतां, होत असतो, हें मात्र मीं स्वतःच्या हातून अनुभविलें आहे.

मी कॉलेजांत असतांना सुटींत मोडी अक्षरें शिकलों, आणि मोठ्या ऐटीनें घरचा रुमाल सोडिला. ओढ्याकांठचा मळा आमच्या पूर्वजास एक तंटा मिटविल्याबद्दल इनाम मिळाला, अशी घरांत कथा होती. वाडीवरील एक घराणें 'तो मळा मूळचा आमचा' असें पिढ्यानुपिढ्या म्हणे, आणि आम्ही हंसत असूं. मळ्याचा कागद सांपडला. नेमका घडीवर झिजला होता, एका शब्दाचे शेंडे तेवढे उरले होते. मीं सर्वांसमक्ष वाचलें, "इनाम करून दिल्हें." आजीनें देवापुढें साखर ठेविली.

पुढच्या वर्षीं, पूर्वीं कचेरींत नोकरी केलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. मीं कागद त्यांच्यापुढें ठेविला. त्यांनीं पहिली ओळ वाचलीच नाहीं. पाठपोट कागद न्याहाळला, आणि त्याच हातानें लिहिलेला आणखी एक कागद मागितला. मग एका चिठ्ठीवर, हा कारकून 'ग' कसा काढतो, 'ह' कसा काढतो, हें एकेक अक्षर उतरून घेतलें. शेवटीं सातव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा शब्द येथें धड आहे. त्याचे शेंडे व तुमच्या घडीवरचे शेंडे ताडून पाहा." तो शब्द 'गहाण' होता. मीं तरीही हट्टानें 'इनाम'च म्हणत राहिलों, तेव्हां ते हंसून म्हणाले, "अरे बाळ, इनाम देणारा मुदलाची आणि व्याजाची गोष्ट कशाला बोलेल?" खालीं मुदल लिहिलें होतें, व्याज लिहिलें होतें, आणि रुपये फेडतील त्या दिवशीं शेत सोडून द्यावें, हेंही लिहिलें होतें. त्या ओळी मीं पाहिल्या नव्हत्या असें नाहीं. नेहमींचा मजकूर म्हणून ओलांडून गेलों होतों.

त्या गृहस्थांची रीत मीं तेव्हांपासून सोडिली नाहीं. अडलेलें अक्षर त्याच हाताच्या दुसऱ्या शब्दांत शोधावें. कागद कोणत्या जातीचा, खरेदीखत कीं गहाणखत कीं वांटणीपत्र, हें आधीं ओळखावें, कारण प्रत्येकाचा सांचा ठरलेला असतो. नक्कल करितांना न लागलेल्या जागीं रिकामी जागाच सोडावी. अंदाज करावयाचाच तर तो समासांत, आणि अंदाज म्हणून लिहावा. पुसट अक्षर शाईनें गिरविणें हा तर गुन्हाच समजावा. आणि फाटल्या कागदास चिकटपट्टी लावणाऱ्या हौशी मंडळींस हात जोडून विनंती आहे कीं, तसें करूं नका. पट्टीचा डिंक कागद खातो. आजकाल प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलवर चांगलें छायाचित्र निघतें, तें तिरप्या उजेडांत काढून मोठें करून पाहिल्यास पुष्कळ वेळां उडालेल्या शाईचीही वाट दिसते.

कोणी म्हणेल, हें काम जाणत्यांकडे सोंपवावें. परंतु जाणते आहेत किती? राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेल्या कागदांचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतून सरदेसाई यांनीं १९३० पासून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढिले. पण त्या दफ्तरांत अजून हजारों रुमाल आहेत, आणि घरोघरींच्या रुमालांस तर गणतीच नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां जुनीं दप्तरें पुढें आलीं आणि तीं वाचणारे पुरेसे मिळेनात. एका शब्दावर कुटुंबाचें दाखलापत्र अवलंबून, आणि तो शब्द वाचणारा आपल्या घरांत कोणी नाहीं. ज्याला स्वतःस मुळीं वाचतां येत नाहीं, त्याला दुसऱ्यानें वाचलेलें ताडूनही पाहतां येत नाहीं. मोडीस २०१४ पासून युनिकोडांत जागा मिळाली आहे, म्हणजे संगणकावर ती लिहितां येते. परंतु संगणकानें वाचून दाखविलेलें बरोबर कीं चूक, हें सांगावयासही मनुष्यच लागेल. म्हणून माझी सूचना अशी आहे कीं, वरच्या वर्गांतील इच्छुक मुलांसाठीं आठवड्यांतून एक तास मोडीचा असावा, आणि धडे घरच्याच कागदांवर असावेत. पालकांनीं मूळ कागद पाठवूं नयेत, छायाचित्रें पाठवावीं. परीक्षा नसावी; नाहींतर ही विद्याही मुलें पाठ करून विसरतील.

आमच्या मळ्याच्या कागदाचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. गहाण सोडविण्यास १९०८ च्या कायद्यानें साठ वर्षांची व १९६३ च्या कायद्यानें तीस वर्षांची मुदत दिली होती. हा कागद १८२१ च्या सुमाराचा. कायद्यानें आमच्यावर कोणाचें कांहीं निघत नव्हतें. तरीही वडिलांनीं मजकडून बालबोधांत स्वच्छ नक्कल करविली, मूळ कागद बरोबर घेतला, आणि आम्ही दोघे वाडीवर गेलों. मळ्याचें काय ठरलें, तें दोन घरांपुरतें आहे. त्या घरचे आजोबा निरक्षर होते. वडील नक्कल वाचीत असतां ते मूळ कागदाकडेच पाहत होते. खालीं, सहीच्या जागीं, त्यांच्या पूर्वजाची निशाणी होती. शेतकऱ्याची असते तशी, नांगराची. त्यांनीं तीवर बोट ठेविलें आणि म्हणाले, "हें मला वाचतां येतें. हा आमचा."