निवेदन देणाऱ्यांचा पक्ष

वसईत समाजवाद्यांचा विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले फटकळ: 'झोळीवाली मंडळी, आपापसात भांडून संपली.' दुसरे जरा कळवळ्याचे: 'माणसे चांगली होती हो, पण पैशापुढे कोण टिकणार?' चिंचोटी नाक्यावर भिवंडीकडे वळणाऱ्या ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली, तर तेवढ्या वेळात रिक्षावालाही ही दोन्ही ऐकवू शकतो. दोन्ही खोटी नाहीत. पण या पक्षाची चढण आणि उतरण कशामुळे झाली, याचा उलगडा त्यांतून होत नाही.

आधी भांडणाचा पूर्वपक्ष घेऊ. 1948 साली नाशिकला समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले, 1952 मध्ये प्रजासमाजवादी झाले, 1955 मध्ये लोहिया वेगळे झाले, 1964 मध्ये संयुक्त समाजवादी आले, 1977 मध्ये सगळे जनता पक्षात विरघळले आणि पुढे जनता दलाच्या चिरफाळ्या झाल्या. ही वंशावळ पाठ करायची तर वेगळी शिकवणी लावावी लागेल. पण 1955 च्या फुटीनंतर दोनच वर्षांनी, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, याच प्रजासमाजवाद्यांनी मुंबई राज्याच्या विधानसभेत 36 जागा मिळवल्या. उलट काँग्रेस 1969, 1978 आणि 1999 मध्ये फुटली. शिवसेना तर आपल्या डोळ्यांदेखत फुटली. म्हणून त्यांच्या शाखांना कुलूप लागले का? फुटीने पक्ष दुबळा होतो, मान्य. तो मरतो तेव्हा मात्र त्याच्याजवळ फुटीशिवाय दुसरे काही उरलेलेच नसते.

'या मातीत त्यांचे मूळच नव्हते' हे तर सरळ चूक आहे. 2008 च्या पुनर्रचनेपर्यंत वसई आणि पालघर लोकसभेला उत्तर मुंबईत मोडत. 1977 साली तिथून समाजवादी नेत्या मृणाल गोरे निवडून आल्या. म्हणजे गोरेगावची पाणीवाली बाई वसईचीही खासदार होती, हे आज वसईकरांनाच सांगावे लागते. 1980 च्या लाटेत जनता पक्ष देशभर वाहून गेला, तरी या मतदारसंघाने जनता पक्षाचे रवींद्र वर्मा निवडले. विधानसभेला वसईने 1978 मध्ये पंढरीनाथ चौधरी आणि 1985 मध्ये डॉमिनिक घोन्सालवीस हे जनता पक्षाचेच उमेदवार पाठवले. ज्या तालुक्यात वर्तकांची काँग्रेस घराघरात होती, तिथली ही गोष्ट. राज्यातला उतार मात्र आकड्यांत स्वच्छ दिसतो: 1978 मध्ये जनता पक्ष 99, 1990 मध्ये जनता दल 24, 1995 मध्ये 11, 1999 मध्ये 2.

आता पैशाचा मुद्दा. 1990 नंतर वसईची जमीन सोन्याच्या भावाने गेली आणि राजकारण तिच्या मागून गेले. 1990 सालीच हितेंद्र ठाकूर काँग्रेसकडून वसईचे आमदार झाले आणि पुढे त्यांची स्वतःची आघाडी उभी राहिली. तिथून विरोधकांचा पराभव अटळ होता असे मानायचे, तर 2009 चे काय करायचे? त्या वर्षी जुलैत महापालिका झाली, तीत ओढली गेलेली गावे बिथरली आणि ऑक्टोबरात श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. शिवसेनेचा पाठिंबा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मूळ बळ गावांचे होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने 1980 च्या दशकाअखेरीस बागायतीसाठी लोकांना रस्त्यावर आणले होते, त्याच परंपरेतले. पैसा 2009 सालीही होता. तरी लोकांनी मत दिले. 2011 साली सरकारने 29 गावे महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली, ती न्यायालयात अडकली आणि अखेर 2024 साली सरकारनेच गावे महापालिकेत ठेवायचे ठरवले. तोवर 2014 मध्ये पंडितांची आमदारकी गेली होती, आणि 2015 च्या महापालिकेत 115 पैकी शंभरावर जागा ठाकूरांच्या आघाडीकडे होत्या. सहा वर्षांत असे काय झाले?

माझे म्हणणे असे की पक्ष हरण्याआधी तो कधी उभाच केला गेला नव्हता. उभी राहिली ती संघटना, आणि या दोन वस्तू वेगळ्या आहेत.

पंडित दांपत्याची श्रमजीवी संघटना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला याच तालुक्यात वेठबिगारांच्या प्रश्नावर उभी राहिली. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 चा. तो पाड्यावर पोचवला तो अशा कार्यकर्त्यांनी, मार खाऊन. या कामाची थोरवी कमी लेखणारा माणूस पूर्वपट्ट्यात फिरलेलाच नसतो. तुंगारेश्वरच्या डोंगराखालच्या कुठल्याही पाड्यावर वनपट्ट्याचा दावा कसा तयार होतो ते पाहावे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड निघते, घरपट्टीची पावती निघते आणि कधी तळाशी आजोबांच्या नावची, वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची जुनी पावती निघते. ज्या कागदाने आजोबा गुन्हेगार ठरले, तोच कागद वनहक्क कायद्याखाली नातवाचा पुरावा ठरतो: 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत होतो याचा. ही पावती जपून ठेवायला सांगणारा, दावा लिहून देणारा, तो फेटाळला तर प्रांत कचेरीवर मोर्चा नेणारा संघटनेचा माणूस असतो.

पण पट्टा मिळाल्यावर त्याच घराला वीजजोडणी लागते, नळ लागतो, पोराला दाखला लागतो. त्यासाठी माणूस नगरसेवकाकडे जातो, आणि नगरसेवक दुसऱ्या पक्षाचा असतो. मग वर्गणी एकीकडे आणि मत दुसरीकडे. यात बेइमानी कसली? लोकांनी कामे वाटून दिली, एवढेच. लोहियांनी फावडे, जेल आणि मत ही तिन्ही एकत्र मागितली होती. वसईच्या समाजवाद्यांनी फावडे आणि जेल स्वतःकडे ठेवले आणि मताचा कारभार दुसऱ्यांना सोडून दिला.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो नोंदवलाच पाहिजे. 2008 च्या पुनर्रचनेत तालुक्याचा पूर्वपट्टा बराचसा आदिवासींसाठी राखीव बोईसर मतदारसंघात गेला. पश्चिमेची वाडी आणि पूर्वेचे जंगल यांना एकत्र आणू शकणारा पक्ष नकाशावरच चिरला गेला. पण पालिकेचे प्रभाग तर नकाशाने तोडले नव्हते. तिथे कोण होते?

संघटना निवेदन देते. निवेदन देणाऱ्याला घेणारा लागतो आणि घेणाऱ्याशी फार काळ वैर परवडत नाही. विवेक पंडित पुढे राज्याच्या आदिवासी विकास आढावा समितीचे अध्यक्ष झाले, आणि 2024 मध्ये त्यांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित भाजपच्या तिकिटावर वसईतून हितेंद्र ठाकुरांना हरवून आमदार झाल्या. याला कोणी गद्दारी म्हणते. मला तो शब्द आळशी वाटतो. ज्या कामाचा सगळा आधार सरकारच्या सहीवर आहे, ते काम शेवटी सही करणाऱ्याच्या दारात जाऊन बसते. पक्ष असता तर त्याच्या सभासदांनी नेत्याला जाब विचारला असता, बैठक मोडली असती, निदान आणखी एक फूट पडली असती! संघटनेत तशी सोय नसते. तिचे वजन नेत्याबरोबर कुठेही जाते.

'मग काय तत्त्वनिष्ठ पक्षाने गटार आणि नळ करत बसायचे?' असे विचारणारे समाजवाद्यांतच जास्त भेटतात. होय, तेच करायचे. मृणालताई आधी मुंबई महापालिकेत गेल्या 1961 साली, विधानसभेत 1972 साली, लोकसभेत 1977 साली. पाण्याची लढाई त्यांनी वस्तीतून वर नेली. पाण्याला तत्त्व नाही असे वाटत असेल तर सूर्या पाणीपुरवठा योजनेकडे पाहा. धरण आदिवासी मुलखात, जलवाहिनी महामार्गाच्या कडेने शहरांकडे. वाटेतल्या पाड्याला आधी की टोकाच्या टॉवरला आधी, हा समतेचा प्रश्न कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा टोकदार आहे. तो सुटतो कोणाच्या वॉर्डात किती व्यासाची नळी टाकायची, हे ठरते त्या बैठकीत. आणि त्या बैठकीला आंदोलकाला बोलावत नाहीत, निवडून आलेल्याला बोलावतात.

यावर 'आता वेळ गेली' असे म्हणणाऱ्यांना एकच आठवण. 2020 साली महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासक होता. एकही नगरसेवक पदावर नव्हता. दाखल्याला, टँकरला, खड्ड्याला विचारायचे कोणाला, हे लोकांना कळेना. त्या काळात चिंचोटी नाक्यावर टेबल टाकून, वही उघडून, रोज संध्याकाळी दोन तास बसायला कुठलाही कायदा आडवा येत नव्हता.