अंगणातला पिझ्झा आणि इटलीची शेती

डिसेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीच्या पाकपरंपरेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात करण्यात आला. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीलाही हा मान मिळाल्यामुळे इटलीची वार्ता येथे काहीशी मागे पडली, हे स्वाभाविकच होय. नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्या कारागिरांची कला तर २०१७ सालीच या यादीत दाखल झाली होती. असे सन्मान राष्ट्राला सुखावतात. परंतु ज्या परंपरेचा गौरव होतो ती प्रत्यक्षात कशाच्या आधारावर जगते, हा प्रश्न अशा प्रसंगी सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधायचे असेल, तर रोमच्या उपाहारगृहांपेक्षा तोस्काना किंवा उंब्रिया प्रांतातील टेकडीवरच्या एखाद्या शेतघराच्या अंगणात डोकावणे अधिक उपयुक्त ठरेल.

तेथे दुपार कलली की पाच-दहा पाहुणे जमतात. बहुतेक परदेशी, शहरी. शेताची मालकीण त्यांच्यापुढे मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट ठेवते आणि पीठ कसे मळायचे ते दाखविते. पीठ फुगायला कित्येक तास लागत असल्याने पाहुण्यांनी मळलेला गोळा बाजूला राहतो आणि बहुधा आदल्या दिवशी भिजविलेले पीठ पुढे येते. लाटणे न वापरता बोटांनी थापून त्याची पोळी करायची. तिच्यावर टोमॅटोचा रस, चीज, वाफ्यातून नुकतीच खुडलेली तुळशीच्या जातीची पाने आणि शेतातल्याच ऑलिव्हचे तेल घालायचे, आणि लांब दांड्याच्या फळीवरून ती भट्टीत सरकवायची. भट्टी दोन-तीन तास आधीच लाकडांनी पेटविलेली असते. नेपल्सच्या रीतीने ती साडेचारशे अंशांच्या आसपास तापली असेल, तर मिनिट-दीड मिनिटात पिझ्झा तयार होतो. मग अंगणातल्या लांब मेजावर जेवण आणि द्राक्षमळ्यातली वारुणी. पाहुणे तृप्त होऊन जातात. या आनंदात खोटे काही नाही. मात्र त्यामागचा इतिहास त्या मेजावर क्वचितच वाढला जातो.

अर्धेलीचे घर

हा इतिहास भट्टीपासूनच सुरू होतो. मध्य इटलीत शतकानुशतके अर्धेलीची पद्धत होती. जमीन आणि घर मालकाचे, श्रम कुळाच्या सबंध कुटुंबाचे आणि पीक निम्मे-निम्मे. अंगणातील भट्टी त्या कुटुंबाची होती; तीत आठवड्यातून एकदा भाकरी भाजली जाई. ती भाकरीही तोस्कानाची खास, मीठ न घातलेली. पिझ्झा मात्र तेथला नव्हे. तो दक्षिणेकडच्या नेपल्सच्या गरीब वस्तीतला. दुसऱ्या महायुद्धानंतर कामाच्या शोधात उत्तरेकडे गेलेल्या दाक्षिणात्यांबरोबर तो सर्वदूर पोचला. म्हणजे पाहुण्यांना जी ‘शेतघराची परंपरा’ म्हणून शिकविली जाते, ती त्या अंगणात अलीकडेच आलेली आहे. पाहुण्याला पिझ्झा हवा असतो, म्हणून भट्टी पिझ्झा भाजते.

युद्धानंतर इटलीतील दर दहा कामकऱ्यांपैकी चारांहून अधिक शेतीवर होते; आज हे प्रमाण शंभरात चारांच्या आसपास उतरले आहे. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली, तर १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या शेतीत बदलण्याची वाट मोकळी केली. कूळ कायद्याची चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यातले मर्म सांगावयास नको. परंतु कायदा पोचण्यापूर्वीच कुळे कारखान्यांकडे निघून गेली होती. दगडी घरे ओस पडली, छपरे खचली. त्यांपैकी अनेक घरे पुढे शहरवासीयांनी आणि परदेशीयांनी विकत घेतली. जी शेतकऱ्यांकडे राहिली, ती सांभाळण्याइतके उत्पन्न टेकडीवरच्या गव्हातून वा ऑलिव्हमधून निघत नव्हते.

कायद्याची अट

या पेचातून १९८५ चा कृषी-पर्यटनाचा कायदा जन्मास आला. २००६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याचे सूत्र विचार करण्याजोगे आहे. पाहुण्यांना राहावयास जागा देणे, जेवू घालणे, त्यांच्यासाठी वर्ग भरविणे, ही कामे शेतीचीच अंगे मानली जातील. मात्र शेती मुख्य आणि पाहुणचार दुय्यम राहिला पाहिजे. त्यासाठी शेतातील अस्तित्वात असलेल्या इमारतीच वापराव्यात आणि ताटात स्वतःच्या व परिसरातील मालाला प्राधान्य असावे. दहापर्यंत पाहुण्यांची सोय करणाऱ्याची शेती मुख्यच आहे असे कायदा गृहीत धरतो. त्यापुढे हिशेब द्यावा लागतो आणि त्याचे तपशीलवार नियम प्रांत ठरवितात. बदल्यात सवलतही मोठी आहे. सर्वसाधारणपणे या व्यवसायाच्या जमेच्या चौथ्या हिश्श्यावरच आयकर आकारला जातो.

या कायद्याचे यश नाकारता येणार नाही. आज इटलीत अशी सुमारे २६ हजार शेतघरे आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश स्त्रिया चालवितात. घरातल्या ज्या कामाला पूर्वी कोणी मोल देत नव्हते, त्याला येथे दाम मिळाला. पडीक घरांची छपरे पुन्हा शाकारली गेली आणि डोंगराळ गावांतल्या काही तरुणांना तरी गावात राहण्याचे कारण लाभले. शहरी माणसाला रोटीमागचे कष्ट तासभर का होईना हातांनी समजतात, हाही लाभ थोडा नव्हे.

तथापि अटीचा आत्मा आणि अटीचे अक्षर यांतले अंतर कोठेही असते, तसे येथेही आहे. पिझ्झाच्या पिठाचेच पाहा. इटली आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक साधा गहू बाहेरून आणते. चिवट पिठाला तर तेथे कॅनडातील प्रांताच्या नावावरून ‘मानितोबा’ असेच म्हणतात. तेव्हा तेल आणि पाने शेतातली असली, तरी ज्या पोळीवर ती पडतात तिचे पीठ दुकानातून आलेले असण्याचा संभव मोठा. हा अपराध नव्हे. पण एका संध्याकाळच्या वर्गातून जे मिळते ते कित्येक क्विंटल गव्हातून सुटत नसेल, तर पुढील पिढी गहू पेरील की नुसती भट्टी पेटवील? शेती मुख्य असल्याचे कागदावर सिद्ध करता येते. शेतीमालाला भाव नसेल, तर ती प्रत्यक्षात मुख्य राहणे अवघड होते.

मेजापासून दूर

भावाच्या या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. वर्ग चालतो टेकडीवर. देशाच्या बाजाराला लागणारा टोमॅटो आणि भाजीपाला मात्र दक्षिणेच्या सपाट प्रदेशात मोठ्या प्रमाणावर पिकतो आणि तेथे राबणारे हात बव्हंशी परदेशी मजुरांचे असतात. त्यांना कामावर आणणारा मध्यस्थ हा आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाचाच भाऊबंद. त्याला आणि पिळवणूक करणाऱ्या मालकाला, दोघांनाही शिक्षा देणारा कायदा २०१६ मध्ये झाला. तरीही जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेस लातिना जिल्ह्यात एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला, तेव्हा त्याला रुग्णालयात न नेता त्याच्या घराजवळ टाकून देण्यात आले. दोन दिवसांनी तो मरण पावला. त्या भागातील शेते पंजाबातून गेलेल्या हजारो मजुरांच्या श्रमावर उभी आहेत. सारा इटली या घटनेने हळहळला, मोर्चे निघाले, तपासणी कडक करण्याची आश्वासने दिली गेली.

या अमानुषतेचे खापर पिझ्झा शिकविणाऱ्या शेतकरणीच्या माथी फोडणे अन्यायाचे ठरेल. ती बहुधा घरच्याच माणसांच्या बळावर शेत आणि पाहुणचार दोन्ही ओढत असते. पण दोन्ही दृश्यांचे मूळ एकच आहे. पिकाला पुरेसा भाव मिळत नाही. म्हणून ज्याच्याकडे देखणी टेकडी आणि जुने घर आहे तो पाहुण्यांकडे वळतो आणि ज्याच्याकडे केवळ सपाट रान आहे तो मजुरीत काटकसर शोधतो. पहिल्याला कायद्याने हात दिला. दुसऱ्याच्या रानात घाम गाळणाऱ्याला तो अजून पुरता मिळालेला नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी-पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे आणि हुरड्याच्या दिवसांत शहरांतून शेतांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग वाढते आहे. इटलीच्या चाळीस वर्षांच्या अनुभवातून येथे घेण्याजोगे पुष्कळ आहे. विशेषतः शेती मुख्य आणि पाहुणचार दुय्यम ही अट. परंतु ती अट केवळ तपासनिसाच्या वहीने पाळली जात नाही, हेही त्याच अनुभवाने दाखविले आहे. जोंधळ्याला आणि उसाच्या फडातल्या मजुरीला न्याय्य दाम मिळाला, तरच हुरड्याच्या शेकोटीमागे खरोखरीचे शेत उभे राहील. नाही तर शेकोटी राहील आणि कणसे बाजारातून आणावी लागतील.